जॉन कॉनियर्स : प्रतिनिधिगृहातील बावन्न वर्षे अकरा महिने

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर दोन नावे चटकन उभी राहतात. एक डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे आणि दुसरे, बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे. वक्तृत्व स्पर्धांतून, जयंतीच्या भाषणांतून ही नावे घेतली जातात आणि ती घेतलीही पाहिजेत. परंतु किंग यांचा जन्मदिन अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा दिवस कसा झाला, किंवा बसच्या त्या प्रसंगानंतर रोझा पार्क्स यांनी चरितार्थ कसा चालवला, असे विचारले तर सभागृहात शांतता पसरते. या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एकाच गृहस्थांचे नाव येते. ते म्हणजे डेट्रॉईट शहराचे लोकप्रतिनिधी जॉन कॉनियर्स.

३ जानेवारी १९६५ ते ५ डिसेंबर २०१७ इतका काळ ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. एवढा दीर्घ काळ त्या गृहात दुसरा कोणीही कृष्णवर्णीय सभासद राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा परिचय करून द्यायचा आहे. परिचय म्हणजे गौरव नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण या कारकिर्दीचा शेवट गौरवाने झालेला नाही.

पुढील मजकूर समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी तेथील कामकाजाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असतात आणि त्यांची मुदत फक्त दोन वर्षांची असते. दर दोन वर्षांनी नवे गृह बसते आणि जुन्या गृहात अडकून पडलेली सर्व विधेयके आपोआप रद्द होतात. ज्याला आपले विधेयक जिवंत ठेवायचे असेल, त्याने पुन्हा निवडून यायचे, पुन्हा ते विधेयक मांडायचे आणि पुन्हा सह्या गोळा करायच्या. शिवाय विधेयक आधी समितीकडे जाते. ते चर्चेला घ्यायचे की बासनात ठेवायचे, हे बहुतांशी समितीच्या अध्यक्षाच्या हाती असते. बहुसंख्य विधेयके तेथेच संपतात. कॉनियर्स यांच्या आयुष्यातील दोन मोठ्या लढाया याच रहाटगाडग्याशी झाल्या.

बालपण आणि पहिली निवडणूक

कॉनियर्स यांचा जन्म १६ मे १९२९ रोजी डेट्रॉईट येथे झाला. हे शहर म्हणजे अमेरिकेच्या मोटार उद्योगाची राजधानी. दक्षिणेकडील शेतमजुरी आणि वर्णद्वेष मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे तेथील कारखान्यांच्या आशेने आली होती. कॉनियर्स यांचे वडील मोटार कामगारांच्या युनियनचे कार्यकर्ते होते. घरात जेवताना युनियन, संप, मालक हीच चर्चा. मुलानेही काही काळ मोटार कारखान्यात काम केले, नंतर सैन्यात भरती होऊन कोरियाच्या युद्धात अभियंत्रिकी दलात सेवा केली. परत आल्यावर वेन स्टेट विद्यापीठातून १९५७ साली पदवी आणि १९५८ साली कायद्याची पदवी घेतली. म्हणजे वकील झाले तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. शिक्षणात खंड पडला म्हणून हिरमुसणाऱ्या आपल्या मुलांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

पुढे तीन वर्षे त्यांनी जॉन डिंगेल या प्रतिनिधींच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. मतदाराचे पत्र आले की काय करायचे, कोणत्या खात्याला लिहायचे, समितीत कोण अडवतो आणि कोण सोडवतो, हे तेथे त्यांना शिकायला मिळाले. (हे डिंगेल पुढे एकोणसाठ वर्षे गृहात राहिले. तो अमेरिकेतील विक्रम आहे. गुरूही दीर्घायुषीच म्हणायचा.)

१९६४ साली डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेला एक नवा मतदारसंघ तयार झाला. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की विजय ठरलेलाच. त्यामुळे खरी झुंज पक्षांतर्गत निवडणुकीत होती. कॉनियर्स तरुण होते, फारसे परिचित नव्हते आणि समोर रिचर्ड ऑस्टिन यांच्यासारखे मान्यवर कृष्णवर्णीय उमेदवार होते. अशा वेळी एक मध्यमवयीन शिवणकाम करणारी बाई त्यांच्या प्रचाराला आली. तिने डॉ. किंग यांना गळ घातली की तुम्ही डेट्रॉईटला या आणि या तरुणासाठी बोला. किंग सहसा कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात पडत नसत. पण या बाईंचा शब्द त्यांना मोडवेना. त्या बाई म्हणजे रोझा पार्क्स. कॉनियर्स ती निवडणूक शंभरावर थोड्याच मतांनी जिंकले. जानेवारी १९६५ मध्ये ते शपथ घेण्यास उभे राहिले तेव्हा ४३५ जणांच्या गृहात कृष्णवर्णीय सभासद, त्यांना धरून, अवघे सहा होते.

रोझा पार्क्स यांची नोकरी

१ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर ३८१ दिवस तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. इथपर्यंतची हकीकत पाठ्यपुस्तकांत असते. त्यापुढची नसते. बाईंची दुकानातील नोकरी गेली, पतीलाही काम सोडावे लागले, फोनवरून ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. गावात राहणे अशक्य झाले तेव्हा १९५७ साली पती आणि आईसह त्या डेट्रॉईटला आल्या. जिच्या नावाने देशभर सभा भरत होत्या, ती बाई तेथे शिवणकाम करून कसेबसे घर चालवीत होती. पतीची प्रकृती बरी नसे आणि डोक्यावर कर्ज होते. चळवळीने तिच्याकडून तेज घेतले, पण तिच्या चुलीची फारशी चौकशी केली नाही, असे म्हणावे लागते.

१९६५ साली कॉनियर्स यांनी त्यांना आपल्या डेट्रॉईट कार्यालयात पगारी नोकरी दिली. नियमित वेतन आणि आरोग्य विम्याची सोय त्या कुटुंबाला आता मिळाली. अर्थात हे दान नव्हते. त्या कामही करीत. घर गेलेले, मदत बंद झालेली, काम नसलेले लोक त्यांच्यापुढे येऊन बसत आणि त्या एकेकाचे प्रकरण लिहून घेत, पाठपुरावा करीत. रोझा पार्क्स यांना नोकरी दिली म्हणून कार्यालयात द्वेषाने भरलेली पत्रे आणि फोन येत. लोक मला नव्हे, तर त्यांना भेटायला कार्यालयात येत, असे कॉनियर्स पुढे कौतुकाने सांगत. १९८८ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, त्या तेथे होत्या.

कॉनियर्स यांनी मांडलेल्या विधेयकांची यादी लांबलचक आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील पहिले मोठे कार्य हे होय, आणि त्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही.

मोटारीच्या टपावर

जुलै १९६७ मध्ये डेट्रॉईटच्या बाराव्या रस्त्यावर पोलिसांनी एका बेकायदा गुत्त्यावर धाड घातली आणि त्यातून दंगल पेटली. वर्षानुवर्षांचा पोलिसी जाच, कोंदट वस्त्या आणि कमी होत चाललेले काम हे त्यामागे होते. ४३ माणसे मरण पावली. पहिल्याच दिवशी कॉनियर्स हातात कर्णा घेऊन एका मोटारीच्या टपावर चढले आणि घरी जाण्याचे आवाहन करू लागले. हा त्यांचाच मतदारसंघ, ही त्यांचीच माणसे. पण जमावाने त्यांना बोलू दिले नाही. शिव्या आल्या, दगड आले. शेवटी त्यांना खाली उतरावे लागले.

निवडून दिलेला माणूस आपला असला तरी त्याचे ऐकले जाईलच असे नाही. तीन वर्षांपूर्वी मते देणारे हात आणि दगड मारणारे हात एकाच वस्तीतले होते. कॉनियर्स यांनी त्यानंतर जमावाला दोष देत बसण्याऐवजी पोलिसांची वागणूक आणि रोजगार हे विषय गृहात लावून धरले.

एका सुट्टीसाठी पंधरा वर्षे

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे डॉ. किंग यांची हत्या झाली. चौथ्या दिवशी, ८ एप्रिलला, कॉनियर्स यांनी किंग यांचा जन्मदिन राष्ट्रीय सुट्टीचा दिवस करावा असे विधेयक मांडले. ते समितीत पडून राहिले. पुढच्या गृहात त्यांनी ते पुन्हा मांडले. पुन्हा पडून राहिले. १९७१ साली तेरा कृष्णवर्णीय सभासदांनी मिळून काँग्रेशनल ब्लॅक कॉकस हा गट स्थापन केला. कॉनियर्स संस्थापकांपैकी एक होते. त्यानंतर विधेयकाला थोडे बळ आले, तरी ते मांडणे आणि मुदत संपली की रद्द होणे हा क्रम सुटेना.

विरोधाची कारणे ऐकायला सभ्य होती. सरकारी नोकरांना आणखी एक भरपगारी सुट्टी द्यायची म्हणजे खर्च किती! शिवाय राष्ट्रीय सुट्टी एका व्यक्तीच्या नावे असणे हा मान तेव्हा वॉशिंग्टन आणि कोलंबस या दोघांनाच होता. कधी कोणते सरकारी पद न भूषविलेल्या माणसाला तो कसा द्यावा? काही जण यापेक्षा उघड बोलत आणि किंग यांना कम्युनिस्ट ठरवीत. एका नावासाठी किती वर्षे झगडावे लागते आणि विरोध करणारे कसे नेहमी खर्चाचा हिशेब पुढे करतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर १९७९ मध्ये विधेयक प्रथमच मताला पडले. ज्या विशेष पद्धतीने ते आणले होते तिला दोन-तृतीयांश मते लागत. बाजूने २५२ आणि विरुद्ध १३३ मते पडली. पाच मते कमी. अकरा वर्षे गेली आणि पाच मतांनी हात रिकामा राहिला.

मग लढाई रस्त्यावर आली. किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी देशभर दौरे केले. बालपणापासून डेट्रॉईटमध्ये वाढलेला अंध गायक स्टीव्ही वंडर याने या मागणीसाठी गाणे रचले आणि जानेवारी १९८१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मेळावा घेतला. साठ लाख सह्यांचे निवेदन गृहापुढे ठेवले गेले. १९८३ साली विधेयक पुन्हा आले. या वेळी सुट्टी १५ जानेवारीऐवजी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी ठेवली होती, म्हणजे खर्चाच्या आक्षेपाची धार कमी झाली. २ ऑगस्टला प्रतिनिधिगृहात ३३८ विरुद्ध ९० आणि १९ ऑक्टोबरला सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २२ मतांनी ते संमत झाले. २ नोव्हेंबर १९८३ रोजी, आधी नाखूश असलेल्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. २० जानेवारी १९८६ रोजी पहिली सुट्टी पाळली गेली. सर्व राज्यांनी मात्र ती स्वीकारण्यास २००० साल उजाडले. शेवटचे राज्य साउथ कॅरोलिना.

आता एक गंमत पाहा. जे विधेयक संमत झाले त्यावर कॉनियर्स यांचे नाव प्रमुख म्हणून नव्हते. ते मांडले होते इंडियाना राज्यातील केटी हॉल या कृष्णवर्णीय शिक्षिका-प्रतिनिधींनी. हे विधेयक ज्या उपसमितीकडे जायचे तिच्या त्या अध्यक्ष होत्या आणि तारखेची तडजोडही त्यांच्याच विधेयकात होती. त्या नोव्हेंबर १९८२ मध्ये निवडून आल्या आणि १९८४ ची पक्षांतर्गत निवडणूक हरल्या. गृहात दोन वर्षांहून थोडाच अधिक काळ राहिलेल्या बाईंच्या नावे तो कायदा आहे आणि पंधरा वर्षे दार ठोठावणाऱ्याच्या नावे नाही. कॉनियर्स यांनी श्रेयावरून वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आणि दीर्घकाळ टिकणे म्हणजेच कर्तृत्व, असे ज्यांना वाटते त्यांनी केटी हॉल यांचे नाव वहीत लिहून ठेवावे.

मधली वर्षे

मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. न्यायव्यवहार समितीवर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद होते. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या सुनावणीत ते या समितीवर होते; त्याआधीच निक्सन यांच्या माणसांनी तयार केलेल्या शत्रूंच्या यादीत त्यांचे नाव गेले होते. २००७ ते २०११ या काळात ते या समितीचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. २०१० साली अमली पदार्थांच्या शिक्षेतील एक ढळढळीत अन्याय कमी करणारा कायदा झाला तो त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत मिळणाऱ्या क्रॅकला पूड कोकेनपेक्षा शंभरपट कठोर मोजमाप होते, ते अठरापट करण्यात आले. अठरापट हाही न्याय नव्हे, पण असो. सर्वांना सरकारी आरोग्य विमा मिळावा हे विधेयकही ते २००३ पासून सतत मांडत राहिले.

त्यांना जॅझ संगीताचे वेड होते. गुलामांच्या वंशजांनी घडवलेल्या या संगीताला अमेरिकेचा मौल्यवान राष्ट्रीय ठेवा मानावे, असा ठराव त्यांनी १९८७ साली दोन्ही सभागृहांत संमत करून घेतला. डेट्रॉईटचे महापौर होण्याचा प्रयत्न त्यांनी १९८९ आणि १९९३ असा दोनदा केला. लोकांनी दोन्ही वेळा नाकारले.

विधेयक क्रमांक ४०

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या तेथील भल्या लोकांना अर्पण केला, हे आपण सारे जाणतो. त्या मुक्तीनंतर मुक्त झालेल्यांचे काय झाले, हा प्रश्न कॉनियर्स यांच्या दुसऱ्या लढाईचा विषय आहे.

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी हुकूम काढला की दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जप्त जमिनींतून मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यावी. काही हजार कुटुंबे त्या जमिनींवर राहायलाही गेली. लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी जमिनी जुन्या मालकांना परत देण्यात आल्या. राबणारे हात मुक्त झाले, पण रिकामेच राहिले. याउलट १८६२ साली वॉशिंग्टन शहरातील गुलामगिरी रद्द केली तेव्हा सरकारने भरपाई दिली होती. ती गुलामांना नव्हे, मालकांना, दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत!

१९८८ साली अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्याआधी एक चौकशी आयोग नेमला गेला होता. कॉनियर्स यांनी नेमका हाच धागा पकडला. १९८९ साली त्यांनी विधेयक मांडले. त्यात कोणाला एक डॉलरही द्या असे म्हटलेले नव्हते. गुलामगिरीचा आणि तिच्यानंतरच्या भेदभावाचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमा, त्याने उपाय सुचवावेत, एवढेच. पुढे या विधेयकाला ४० हा क्रमांक मुद्दाम घेतला जाऊ लागला. न मिळालेल्या चाळीस एकरांची ती आठवण होती.

दर दोन वर्षांनी, २०१७ पर्यंत, त्यांनी ते मांडले. एकदाही मताला पडले नाही. ते स्वतः समितीचे अध्यक्ष असताना २००७ साली उपसमितीपुढे सुनावणी झाली, पण तेव्हाही त्यांनी ते समितीत मताला घातले नाही. मते नव्हती, हे उघड आहे. तरीही अध्यक्षपद हाती असताना हरण्याची तयारी ठेवून ते मताला घालायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कोण विरुद्ध आहे याची निदान नोंद झाली असती.

शेवट

डेट्रॉईट ओस पडत गेले. १९५० साली साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०१० साली सात लाखांवर आली. मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, क्रमांक बदलला, प्रतिनिधी तोच राहिला. निवडणुका एकतर्फी होत. अशा सुरक्षित जागेवर माणूस सैल पडतो. कार्यालयातील नोकरांकडून घरची व खासगी कामे करून घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि २००६ साली गृहाच्या नीतिविषयक समितीपुढे त्यांना जबाबदारी मान्य करावी लागली. २०१४ साली तर उमेदवारी अर्जावरील हजार वैध सह्यांची अट पूर्ण न झाल्याने नाव बाद झाले. न्यायालयाने ते परत घातले. पन्नास वर्षे निवडून येणाऱ्या माणसाला हजार सह्या नीट गोळा करता आल्या नाहीत!

नोव्हेंबर २०१७ मध्ये बातमी आली की कार्यालयातील एका माजी स्त्री कर्मचाऱ्याने, लगट नाकारल्यामुळे आपल्याला काढले अशी तक्रार केली होती आणि २०१५ साली सुमारे २७,००० डॉलर देऊन ते प्रकरण गुपचूप मिटवले होते. पैसे कार्यालयाच्या सरकारी निधीतून गेले होते. त्यानंतर आणखी काही स्त्रिया तशाच तक्रारी घेऊन पुढे आल्या. कॉनियर्स यांनी सर्व आरोप नाकारले. नीतिविषयक समितीने चौकशी सुरू केली, पक्षाच्या नेत्यांनीही राजीनामा मागितला. ५ डिसेंबर २०१७ रोजी त्यांनी पद सोडले आणि जाता जाता आपल्या जागी मुलाचे नाव सुचवले. ती जागा २०१८ च्या निवडणुकीत रशिदा तलैब यांच्याकडे गेली. चौकशी अपुरीच राहिली.

हे लिहिताना हात जड होतो. ज्या माणसाच्या कार्यालयात रोझा पार्क्स यांना आसरा मिळाला, त्याच माणसाच्या कार्यालयातील स्त्रिया पुढे आपल्याला संरक्षण नव्हते असे सांगतात. पहिली गोष्ट सांगून दुसरी झाकणे सोपे आहे, आणि आपल्या पुढाऱ्यांच्या बाबतीत आपण अनेकदा तेच करतो. किंग यांच्या सुट्टीमुळे त्या तक्रारी लहान होत नाहीत, आणि त्या तक्रारींमुळे पंधरा वर्षांचा पाठपुरावाही खोटा ठरत नाही. विद्यार्थ्यांनी दोन्ही नोंदी एकाच पानावर कराव्यात.

२७ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डेट्रॉईट येथे कॉनियर्स यांचे निधन झाले. विधेयक क्रमांक ४० टेक्सासच्या शीला जॅक्सन ली यांनी पुढे चालवले. १४ एप्रिल २०२१ रोजी न्यायव्यवहार समितीने ते २५ विरुद्ध १७ मतांनी प्रथमच संमत केले. पूर्ण गृहापुढे मात्र ते आले नाही. जॅक्सन ली २०२४ साली वारल्या. २०२५ साली मॅसॅच्युसेट्सच्या अयाना प्रेस्ली यांनी ते पुन्हा मांडले, क्रमांक तोच ठेवून.